देवकीनंदन, ख्रिस्त आणि इतिहासाचा तराजू

श्रावण वद्य अष्टमी आली की आमच्या झाडीपट्टीत घरोघरी मातीचा कान्होबा विराजमान होतो. धानाची रोवणी आटोपलेली असते, आणि सिंदेवाहीच्या पंचक्रोशीत कृष्णजन्माच्या आख्यानांना रंग चढतो. अशा वेळी कीर्तन संपल्यावर शिकलेली मुले आम्हांस विचारतात, “महाराज, कृष्ण खरोखर होऊन गेला काय?” कोणी प्रौढ गृहस्थ विचारतात, “येशू ख्रिस्त मुळी झालाच नाही म्हणतात, हे खरे का?” पहिल्या प्रश्नाने ज्यांच्या कपाळी आठी उमटते, त्यांनाच दुसऱ्या प्रश्नाने कधी कधी गुदगुल्या होतात. म्हणून आज दोन्ही प्रश्न एकाच तराजूत घालू.

हा वाद महाराष्ट्राला नवा नाही. आल्ब्रेख्ट वेबर या जर्मन पंडिताने 1867 च्या सुमारास आपल्या जन्माष्टमीवरच प्रबंध लिहिला आणि या उत्सवात ख्रिस्तजन्माच्या कथेची छाया पाहिली. 1869 मध्ये लोरिंझरने गीतेत बायबलची उसनवारी शोधली. काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी 1875 मध्ये गीतेच्या आपल्या इंग्रजी पद्यानुवादास विस्तृत निबंध जोडून त्याचे खंडन केले. पुढे 1915 मध्ये लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’च्या परिशिष्टात गीता आणि ख्रिस्ती बायबल यांची तुलना करून हा विषय पुन्हा हाती घेतला.

या वादात दगडांनी दिलेली साक्ष फार मोलाची आहे. विदिशेजवळ बेसनगर येथे तक्षशिलेच्या हेलिओदोर नावाच्या यवन दूताने वासुदेवासाठी गरुडध्वज उभारला, तो इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहन राणीच्या लेखात संकर्षण-वासुदेवांना वंदन आहे, तेही ख्रिस्तजन्मापूर्वीचे. पाणिनीच्या सूत्रांत वासुदेवाच्या भक्तांसाठी स्वतंत्र प्रत्यय सांगितला आहे, आणि पतंजलीच्या महाभाष्यात कंसवधाचे प्रयोग उदाहरणादाखल आले आहेत. तेव्हा वासुदेवभक्ती ख्रिस्तापासून आली, हे म्हणणे टिकत नाही. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीही वासुदेवाची प्राचीनता मान्य केली. मात्र गोकुळातील बाललीला आभीरांबरोबर मागाहून आल्या आणि त्यांनी ख्रिस्ताचे नावही सोबत आणले असावे, असा तर्क त्यांनी 1913 च्या ग्रंथात मांडला. तो सर्वांना पटला नाही. पण त्या थोर विद्वानाला कोणी धर्मद्रोही ठरवू नये.

साक्ष कशाची?

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. हे शिलालेख सिद्ध करतात ती भक्ती, जन्म नव्हे. छांदोग्य उपनिषदात घोर आंगिरसाचा शिष्य म्हणून देवकीपुत्र कृष्णाचा उल्लेख आहे, परंतु तोच गीतेचा वक्ता काय, याविषयी विद्वानांत एकमत नाही.

आता दुसरे पारडे पाहू. युरोपात ब्रूनो बाउअरने एकोणिसाव्या शतकात, तर आर्थर ड्रेव्स याने 1909 मध्ये, ख्रिस्त ही कल्पितकथा असल्याचे प्रतिपादले. तथापि पॉलची पत्रे येशूच्या मृत्यूनंतर सुमारे 20 वर्षांनी सुरू होतात, आणि येशूचा भाऊ याकोब याला आपण भेटल्याचे त्यांत तो सांगतो. ज्यू इतिहासकार जोसेफस इसवी सन 93 च्या सुमारास त्या भावाचा उल्लेख करतो. त्याच्या ग्रंथातील येशूविषयीच्या दुसऱ्या उताऱ्यात मात्र मागाहून भर पडली, असे बहुतेक अभ्यासक मानतात. रोमन इतिहासकार टॅसिटस 116 च्या सुमारास पिलाताने दिलेल्या देहदंडाची नोंद करतो. म्हणूनच गालीलातील एक उपदेशक क्रुसावर मारला गेला, हे आज बहुसंख्य इतिहासकार स्वीकारतात; चमत्कार आणि पुनरुत्थान हा श्रद्धेचा प्रांत होय.

सांगावयाचे तात्पर्य असे की, निव्वळ समकालीन पुराव्याचा हट्ट धरून ख्रिस्ताला नाहीसे करू पाहणाऱ्याने तीच कसोटी आपल्या देव्हाऱ्यालाही लागेल, हे ओळखावे. शेजाऱ्यासाठी एक माप आणि घरासाठी दुसरे, हा धर्म नव्हे. वाण्याच्या दुकानातही ते पाप मानतात.

महात्मा गांधींनी दोन्हीकडे एकच माप लावले. 1931 च्या नाताळात, विलायतेहून परतताना, येशू झालाच नाही असे कोणी सिद्ध केले तरी गिरिप्रवचन आपल्याला खरेच राहील, असे त्यांनी बोलून दाखविले. गीतेतील कृष्णालाही ते मूर्तिमंत पूर्णज्ञान मानीत, पण ते चित्र काल्पनिक समजत. लोकमान्यांच्या दृष्टीने तर श्रीकृष्ण प्रत्यक्ष होऊन गेलेला पुरुष होता. दोघांचे मत भिन्न, परंतु गीता दोघांच्याही जीवनाचा आधार होती.

आमचे स्वतःचे म्हणाल, तर देवकीनंदन या भूमीवर नांदला, अशी आमची दृढ श्रद्धा आहे. ती आम्ही शिलालेखावर टांगलेली नाही. म्हणून संशोधकाच्या प्रश्नाने तिला कंप सुटत नाही. तेव्हा माताभगिनींनो, पाळण्याची दोरी ओढताना नातवंडाने तो प्रश्न विचारला, तर त्याला दटावू नका. नाणेघाटाची गोष्ट सांगा, आणि कोणा ख्रिस्ती शेजाऱ्याच्या मुलालाही गोपाळकाल्याचा प्रसाद आवर्जून द्या.