रूळ थोडा झिजलेलाच बरा

इंग्लंडमधल्या डर्बी स्थानकात १८५७ साली पोलादाचा एक रूळ बसवण्यात आला. त्याआधी त्या जागी घडीव लोखंडाचे रूळ असत आणि गाड्यांची वर्दळ एवढी, की ते सहा महिन्यांत, कधी तर तीनच महिन्यांत बदलावे लागत. रॉबर्ट मशेट यांच्या पोलादाचा हा रूळ सहा वर्षांनंतरही धडधाकट होता.

घडीव लोखंडात कार्बन जवळजवळ नसतो आणि मळीचे धागे असतात. चाकांच्या माराने त्याचे पापुद्रे सुटतात. आजच्या मीटरभर, साठ किलोच्या रुळात कार्बन असतो जेमतेम अर्धा किलो. पण खरी करामत त्याच्या प्रमाणापेक्षा त्याच्या मांडणीत आहे.

तापलेले पोलाद निवताना त्यात दोन पदार्थ वेगळे होतात. एक फेराइट, म्हणजे मऊ, जवळजवळ शुद्ध लोह. दुसरा सिमेंटाइट, लोह आणि कार्बनचे अतिशय कठीण संयुग. हे दोन्ही आलटूनपालटून पातळ थरांत बसतात, चिरोट्याच्या पापुद्र्यांसारखे. सूक्ष्मदर्शकाखाली ही रचना मोत्याच्या शिंपल्यासारखी चमकते, म्हणून तिचे नाव पर्लाइट. चांगल्या रुळात हे थर इतके बारीक असतात, की माणसाच्या एका केसाच्या जाडीत ते शेकड्यांनी मावतील.

थर जितके बारीक, तितके पोलाद कठीण. म्हणून वळणांवर आणि घाटात, जिथे चाकाची कड रुळाला घासत जाते, तिथे माथा कठीण केलेले रूळ घालतात. कारखान्यात लाल तापलेल्या रुळाच्या माथ्यावर हवेचा किंवा पाण्याच्या तुषारांचा झोत सोडून तो झपाट्याने निववला जातो. निववणे फारच झपाट्याने झाले तर मात्र थर बनतच नाहीत. मार्टेन्साइट तयार होते. ते कठीण असते, पण काचेसारखे ठिसूळ. चाक जागच्या जागी घसरले, की रुळाचा पृष्ठभाग क्षणभर लालबुंद तापतो, खालचे थंड पोलाद ती उष्णता शोषून घेते आणि नेमका हाच ठिसूळ पांढरा थर तयार होतो.

नुसत्या कठीणपणाने भागत नाही, हे बेनाइट नावाच्या दुसऱ्या रचनेवरून कळते. तेवढ्याच कठीणपणाचे बेनाइट पर्लाइटपेक्षा अधिक झिजते. कारण चाकांच्या दाबाखाली पर्लाइटचे थर वाकून आडवे होतात, एकमेकांजवळ दबतात आणि सिमेंटाइटचा मोठा वाटा पृष्ठभागावर येतो. वापरातून हा रूळ स्वतःला आणखी कठीण करून घेतो.

मग जो मुळीच झिजत नाही, तो रूळ सर्वोत्तम? इथेच मेख आहे.

चाक आणि रूळ यांचा स्पर्श नखाएवढ्या जागेत होतो आणि डब्याचा भार अशा थोड्याशा जागांवरच पेलला जातो. लाखो चाके गेल्यावर पृष्ठभागावर केसासारखे तडे उमटतात. रूळ थोडा थोडा झिजत असेल, तर हे कोवळे तडे झिजेबरोबर पुसले जातात. झीज फार कमी असेल, तर ते आत शिरतात आणि एक दिवस खाली वळतात.

याची किंमत १७ ऑक्टोबर २००० रोजी मोजावी लागली. लंडनहून लीड्सला निघालेली एक्स्प्रेस हॅटफिल्डजवळच्या वळणावर ताशी सुमारे १८५ किलोमीटरने धावत असताना रूळ फुटला आणि त्याचे शेकडो तुकडे झाले. चार जण दगावले, सत्तरहून अधिक जखमी झाले. त्या रुळाला झीज नव्हे, तडे नडले. ते आधी दिसलेही होते आणि बदलायचे रूळ शेजारी आणून ठेवले होते. एवढे सगळे ठाऊक असून काम लांबवणे, याला धातुशास्त्राकडे उत्तर नाही.

त्यानंतर ब्रिटनभर वेगमर्यादा लागल्या, वेळापत्रके कोलमडली आणि रुळांना कृत्रिमरीत्या झिजवण्याचे महत्त्व पटले. फिरत्या सहाणदगडांची गाडी रुळावरून जाते आणि माथ्याचा मिलिमीटरचा काही दशांश भाग खरवडून काढते, तडे कोवळे असतानाच. भारतीय रेल्वेकडेही अशा गाड्या आहेत. ठिणग्यांचा फवारा उडवत त्या सावकाश पुढे सरकतात. आतले, डोळ्यांना न दिसणारे तडे हुडकायला स्वनातीत ध्वनिलहरींची वेगळी तपासणी असते.