ऑस्ट्रेलियाची अपंगत्व विमा योजना : एका व्यक्तीचा आराखडा कसा ठरतो

अपंगत्व असलेल्या व्यक्तीला शासनाने साहाय्य करावे याबद्दल आज फारसे दुमत आढळत नाही. मतभेद सुरू होतात ते हे साहाय्य कशाच्या आधारे मोजावे, ते कोणाच्या हाती द्यावे आणि त्याचा विनियोग कोणी ठरवावा या प्रश्नांपाशी. ऑस्ट्रेलियाने २०१३ साली कायदा करून सुरू केलेली ‘नॅशनल डिसॅबिलिटी इन्शुरन्स स्कीम’, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेली ‘एनडीआयएस’, हे या प्रश्नांना अलीकडच्या काळात दिले गेलेले एक अत्यंत महत्त्वाकांक्षी उत्तर आहे. आणि तिचे यश जितके अभ्यासण्याजोगे आहे, तितक्याच तिच्या अडचणीही बोलक्या आहेत.

या योजनेपूर्वी तेथील प्रत्येक राज्याची व्यवस्था वेगळी होती. अनुदान बहुतांशी सेवा देणाऱ्या संस्थांना मिळे, संस्थेत जागा रिकामी असेल तर व्यक्तीला सेवा मिळे, नसेल तर ती प्रतीक्षायादीत राही. त्यातही एक विसंगती ठळक होती. व्हिक्टोरिया राज्यात मोटार अपघातात पाठीच्या कण्याला इजा झालेल्या माणसाला वाहनधारकांच्या सक्तीच्या वर्गणीतून चालणाऱ्या विम्यामुळे दीर्घकाळ उपचार आणि मदतनीस मिळत, परंतु जन्मतः सेरेब्रल पाल्सी असलेल्या, तितकीच गरज असलेल्या व्यक्तीला साध्या चाकाच्या खुर्चीसाठीही ताटकळावे लागे. म्हणजे साहाय्य गरजेवर नव्हे, तर अपंगत्व कसे आले यावर ठरत होते. आर्थिक धोरणांवर सरकारला स्वतंत्र सल्ला देणाऱ्या ‘प्रॉडक्टिव्हिटी कमिशन’ने २०११च्या अहवालात या व्यवस्थेवर कठोर टीका केली आणि देशव्यापी विम्याची शिफारस केली. अपंगत्व कोणत्याही घरात येऊ शकते, तेव्हा त्याचा भार सर्वांनी मिळून उचलावा आणि लहान वयात, वेळेवर खर्च करून पुढचा मोठा खर्च टाळावा, हा त्यामागचा विचार होता. येथे कोणी हप्ता भरत नाही. जुलै २०१४ पासून ‘मेडिकेअर’ या आरोग्यव्यवस्थेसाठीचा अधिभार दीड टक्क्यावरून दोन टक्के करण्यात आला आणि उरलेला भार केंद्र व राज्य सरकारांच्या अंदाजपत्रकांवर पडला. ‘विमा’ हा शब्द त्यामुळे योजनेच्या कागदपत्रांपेक्षा तिच्या विचारसरणीला अधिक लागू पडतो.

योजनेत प्रवेश मिळण्यासाठी अर्ज करताना वय ६५ पेक्षा कमी असावे लागते, अर्जदार ऑस्ट्रेलियाचा नागरिक किंवा कायम रहिवासी असावा लागतो (न्यूझीलंडच्या काही नागरिकांना विशेष सवलत आहे), आणि अपंगत्व कायमस्वरूपी असून त्यामुळे दैनंदिन कार्यक्षमता लक्षणीयरीत्या घटलेली असावी लागते. उत्पन्नाची अट नाही. भारतात प्रमाणपत्रावर अपंगत्वाची टक्केवारी लिहिली जाते आणि अनेक सवलती ४० टक्क्यांच्या रेषेवर अवलंबून असतात. तेथे मात्र निदानाच्या नावापेक्षा चालणे, बोलणे, शिकणे, समाजात वावरणे, स्वतःची शारीरिक काळजी घेणे आणि स्वतःचे व्यवहार सांभाळणे यांत कितपत अडथळा येतो, हे पाहिले जाते. म्हणूनच अधूनमधून तीव्र होणाऱ्या मानसिक आजारातून आलेले अपंगत्वही योजनेच्या कक्षेत येऊ शकते. उपजीविकेसाठीचे निवृत्तिवेतन ही सर्वस्वी वेगळी बाब असून ते दुसऱ्या कायद्याखाली मिळते.

पात्रता ठरल्यानंतर तयार होतो तो व्यक्तीचा ‘प्लॅन’, म्हणजे तिची उद्दिष्टे आणि त्यांसाठी मंजूर झालेला निधी नोंदवणारा आराखडा. या निधीचे ढोबळमानाने तीन भाग पडतात. अंघोळ, कपडे, जेवण, घराबाहेर पडणे यांसाठी लागणारा मदतनीस आणि डायपरसारख्या सतत लागणाऱ्या वस्तू पहिल्या, ‘कोअर’ भागात येतात. वाचा-उपचार, व्यवसायोपचार, नोकरीची तयारी अशा, व्यक्तीचे स्वावलंबन वाढवणाऱ्या गोष्टी ‘कपॅसिटी बिल्डिंग’ या दुसऱ्या भागात. तर चाकाची खुर्ची, रुग्ण उचलण्याचे यंत्र, स्नानगृहातील फेरबदल यांसारखा मोठा खर्च तिसऱ्या, ‘कॅपिटल’ भागात. एका भागातील पैसा सहसा दुसरीकडे वळवता येत नाही, आणि नव्याने आलेल्या कुटुंबांचा पहिला गोंधळ बहुधा येथेच होतो. घरभाडे, किराणा, वीजबिल हे सर्वांनाच असलेले खर्च योजना उचलत नाही. शस्त्रक्रिया आरोग्यखात्याकडे आणि वर्गातील शिक्षण शिक्षणखात्याकडे राहते.

हा पैसा खर्च करण्याच्या तीन पद्धती आहेत. योजना चालवणारी सरकारी एजन्सी सेवा देणाऱ्यांची बिले थेट चुकती करू शकते, पण मग केवळ नोंदणीकृत पुरवठादारच निवडावे लागतात. ‘प्लॅन मॅनेजर’ नावाचा मध्यस्थ हिशेब सांभाळतो तेव्हा निवड बरीच मोकळी होते. आणि व्यक्तीने किंवा कुटुंबाने स्वतःच व्यवस्थापन पत्करले तर दरांची घासाघीसही त्यांच्याच हाती येते, मात्र पावत्या व नोंदी जपण्याची जबाबदारीही त्यांच्यावरच पडते. मदतनीस कोण असावा, त्याने केव्हा यावे, हे सेवा घेणाऱ्याने ठरवणे ही या योजनेची सर्वांत मोठी देणगी मानावी लागेल.

आराखड्यात काय बसते याचा निर्णय कायद्यातील एका निकषावर होतो: साहाय्य ‘वाजवी आणि आवश्यक’ असले पाहिजे. ते व्यक्तीच्या अपंगत्वाशी निगडित असावे, परिणामकारक असावे, खर्चाच्या मानाने योग्य असावे, आणि कुटुंबाने व समाजाने स्वाभाविकपणे जे करावे अशी अपेक्षा असते त्याची जागा घेणारे नसावे. शेवटची अट दिसते तितकी निरुपद्रवी नाही. वीस वर्षांच्या मुलाला रोज उचलून न्हाऊ घालणारी आई ‘आम्ही घरीच सारे पाहतो’ असे अभिमानाने सांगते, तेव्हा ते वाक्य कौतुकाचे असले तरी निधी कमी करण्यास कारण ठरू शकते.

प्रॉडक्टिव्हिटी कमिशनने सुमारे ४ लाख १० हजार लाभार्थी गृहीत धरले होते. २०२४च्या मध्यापर्यंत ही संख्या साडेसहा लाखांपलीकडे आणि वार्षिक खर्च ४,००० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांपलीकडे गेला. लाभार्थ्यांमध्ये स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम, हे मुख्य निदान असलेल्यांचा गट सर्वांत मोठा आहे. खर्चवाढीचे खापर गैरव्यवहारांवर फोडणे सोपे आहे आणि गैरव्यवहार झालेही. परंतु खरे कारण अधिक खोल आहे. योजना आल्यावर राज्यांनी तिच्या बाहेरच्या सेवांतून अंग काढून घेतले, त्यामुळे थोडक्या मदतीवर भागले असते अशा मुलांच्या पालकांनाही पूर्ण आराखड्यासाठी अर्ज करण्यावाचून गत्यंतर उरले नाही. ब्रूस बॉनिहॅडी आणि लिसा पॉल यांच्या अध्यक्षतेखालील पुनर्विलोकन समितीने डिसेंबर २०२३ मध्ये नेमके यावरच बोट ठेवून योजनेबाहेरच्या पायाभूत सेवा उभारण्याची शिफारस केली. सरकारने मात्र आधी हात घातला तो नियमांना: ऑक्टोबर २०२४ पासून कोणत्या गोष्टींवर निधी खर्च करता येईल आणि कोणत्यांवर नाही याच्या याद्याच लागू झाल्या. क्रम उलटा असता तर लाभार्थ्यांची धास्ती पुष्कळ कमी झाली असती.

भारतातही २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे कलम ३८ अधिक साहाय्याची गरज असलेल्या व्यक्तीला शासनाने नेमलेल्या प्राधिकरणाकडे तशी मागणी करण्याचा अधिकार देते, आणि प्राधिकरण ती मूल्यमापन मंडळाकडे पाठवते. म्हणजे व्यक्तीच्या गरजेवरून साहाय्य ठरवण्याचे बीज आपल्या कायद्यात आहेच, त्यामागे निधीची हमी तेवढी नाही.

मेलबर्न-सिडनीकडे निघालेल्या मराठी कुटुंबांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. विद्यार्थी किंवा नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर असताना या योजनेचा लाभ मिळत नाही, आणि कायम रहिवासाच्या अर्जात कुटुंबातील सदस्याच्या अपंगत्वावर होऊ शकणारा सरकारी खर्च विचारात घेतला जातो, तेव्हा त्याबाबतचा सल्ला निघण्यापूर्वीच घ्यावा. आणि योजनेत प्रवेश मिळालेल्यांना आपला आराखडा अपुरा वाटत असेल, तर निर्णय कळल्यापासून तीन महिन्यांच्या आत फेरविचाराची मागणी करता येते, आणि तीही फेटाळली गेली तर प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते.