बावखलाच्या काठी

वसईच्या पश्चिम पट्ट्यात, गिरिज, निर्मळ, भुईगाव, नंदाखाल, आगाशी अशा कुठल्याही गावात गेलात तर घरामागे किंवा दोन वाड्यांच्या मधोमध बावखल दिसतं. बाहेरून आलेल्याला ते डबकं वाटतं. पण ते माणसांनी हाताने खणलेलं आहे. पूर्वी घराचं जोतं उंच करायला आणि वाडीत भर टाकायला माती लागायची. ती जिथून काढली तिथे खड्डा राहिला, आणि पावसाळ्यात तो भरू लागला. वसईची हिरवाई या साध्या व्यवस्थेवर पिढ्यान्‌पिढ्या पोसली गेली. आज ज्याला देशी झाडं, बागकाम, चार माणसांत मिसळून करायचं मातीतलं काम शिकायचं आहे, त्याच्यासाठी वसई-विरारमध्ये बावखलाच्या काठाहून चांगली शाळा मला दिसत नाही.

पाण्याचा हिशोब आधी समजून घ्यायला हवा. इथली जमीन बरीचशी रेताड आहे. पश्चिमेला समुद्र, उत्तरेला वैतरणेची खाडी, दक्षिणेला वसईची खाडी. तिन्ही अंगांनी खारं पाणी असताना विहिरी गोड्या कशा? पावसाचं पाणी समुद्राच्या पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. बादोन गायबेन या डच अभियंत्याने १८८८ साली आणि जर्मनीच्या हर्झबर्ग यांनी १९०१ साली उत्तर समुद्राच्या किनाऱ्यावर याचं गणित मांडलं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक मीटर असेल, तर खाली सुमारे ४० मीटरपर्यंत गोडं पाणी टिकू शकतं. हे गणित उलटंही लागू होतं. बेसुमार उपसा करून वरचा मीटर संपवला की खालून खारं पाणी चढू लागतं. तो वरचा मीटर दर पावसाळ्यात भरून देण्याचं काम बावखलं करतात. वसईच्या जुन्या माणसांनी गायबेनचं नाव ऐकलेलं नव्हतं, पण बावखल बुजवलं की शेजारची विहीर मचूळ होते हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या विहिरींवर एके काळी रहाट फिरायचे. त्यांच्या पाण्यावर केळी, पानवेली, भाजीपाला, मोगरा, जास्वंद आणि सोनचाफा पिकायचा, आणि पहाटेच्या लोकलने मुंबईला जायचा. आगाशीची सुकेळी राजेळी केळ्यांची. केळी पूर्ण पिकवायची, सोलायची, उन्हात वाळवायची आणि केळीच्याच वाळल्या पानात बांधायची. ही सगळी गोडी शेवटी विहिरीच्या पाण्यातून येते.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस हा पट्टा मोठ्या बांधकामांसाठी खुला होऊ लागला. वाडीतल्या विहिरींचं पाणी टँकरने नव्या इमारतींकडे जाऊ लागलं. त्याविरुद्ध हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. तिचे अग्रणी फादर फ्रान्सिस दिब्रिटो हे नंदाखालचे, ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक आणि पुढे २०२० साली उस्मानाबादच्या ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. २५ जुलै २०२४ रोजी ते गेले. झाड, विहीर आणि वाडी यांचा प्रश्न माणसाच्या जगण्याचा आहे, हे त्या आंदोलनाने वसईला शिकवलं. गेल्या काही वर्षांत गावागावांतल्या तरुणांनी श्रमदानाने बावखलं साफ करायला घेतली, त्यामागे हा वारसा आहे असं मी मानतो.

श्रमदानाला जाणाऱ्याने काय करायचं? पहिलं काम विचारण्याचं. बावखल कोणाच्या मालकीचं आहे, त्यात सांडपाणी कुठून येतं, उन्हाळ्यात ते कधी आटतं, हे शेजारच्या वाडीवाल्याला विचारल्याशिवाय फावड्याला हात लावू नये. मग जलपर्णी. ही मूळची दक्षिण अमेरिकेची. अनुकूल पाण्यात दोनेक आठवड्यांत दुप्पट होते, त्यामुळे अर्धी काढून चालत नाही; एका कडेपासून सुरुवात करून शेवटच्या मुळापर्यंत ओढून काढावी लागते. सांडपाणी थांबलं नाही तर ती परत येणारच, म्हणून गटार वळवणं हा सफाईचाच भाग. काढलेली जलपर्णी फुलं धरण्याआधी वाळवली की केळीच्या बुडाशी आच्छादन म्हणून चालते. एप्रिल-मेमध्ये पाणी उतरलं की गाळ निघतो. तो काळा, भुसभुशीत गाळ नारळ-केळीच्या आळ्यात घालतात. बाजारातल्या खताची गरज त्याने कमी होते. गाळ मात्र मूळ तळापर्यंतच काढायचा. समुद्राजवळ हावरेपणाने खोल खणलं की खारं पाणी लागण्याची भीती असते.

काठावर काय लावायचं हा खरा अभ्यासाचा विषय. रस्त्याकडेला सरसकट दिसणारा गुलमोहर मादागास्करचा, सुबाभूळ मध्य अमेरिकेची, किनाऱ्यावरचा सुरू ऑस्ट्रेलियाकडचा. ही झाडं इथे वाढतात, पण इथल्या किड्यापाखरांशी त्यांचं जुनं नातं नाही. बावखलाच्या काठाला करंज, भेंड, उंडी, जांभूळ, उंबर, पांगारा शोभतात. करंज आणि भेंड खारी हवा सोसतात आणि काठ धरून ठेवतात. नातं म्हणजे काय ते बघायचं असेल तर वाडीतल्या सोनचाफ्याचं कोवळं पान उलटून बघा. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं, क्षणभरही स्वस्थ न बसणारं एक फुलपाखरू तिथे एकेक अंडं घालतं. अळी तेच पान खाऊन मोठी होते. अळी दिसताच फवारणी केली, तर फुलपाखरू कुठून येणार? लिंबाच्या आणि कढीपत्त्याच्या पानांवरही असंच एखाद्या जातीचं बाळंतपण चालू असतं. नव्या स्वयंसेवकाला मी रोप हातात देण्याआधी पान उलटायला सांगेन.

दुसरं शिकायचं ते बी ओळखायला. जांभळाचं बी वाळलं की मेलं. फळ खाल्ल्यावर लगेच पेरावं. एका बीमधून कधी दोन-तीन कोंब निघतात, ते वेगळे करून प्रत्येकाला पिशवी द्यावी. बहाव्याचं उलट. त्याची लांब काळी शेंग फोडली की प्रत्येक बी आपल्या कप्प्यात, चिकट गरात बसलेलं दिसतं. कवच इतकं टणक की साध्या पाण्याला दाद देत नाही. उकळत्या पाण्यात टाकून रात्रभर तसंच ठेवलं तर रुजतं. कडुनिंबाची निंबोळी पडल्यावर काही आठवड्यांतच रुजवावी लागते. हे ज्ञान पुस्तकात सापडतं, पण हाताला येतं ते मे-जूनमध्ये झाडाखाली वाकून वेचल्यावरच. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचं लक्ष्य होतं. अशा मोठ्या आकड्यांपेक्षा, स्वतः वेचलेल्या बियांची वीस रोपं दोन उन्हाळे पाणी घालून जगवणारा माणूस मला मोलाचा वाटतो.

२०११च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर होती. नालासोपारा आणि विरारच्या इमारतींत राहणाऱ्या बहुतेकांच्या नळाला सूर्या धरणाचं पाणी येतं; बावखलाशी त्यांचा संबंध येत नाही. वाडीवाल्यांची पुढची पिढीही नोकरीला लागली आहे. श्रमदानाच्या निमित्ताने हे दोघे एका काठावर येतात, ही मला या कामातली सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. इमारतीतल्या मुलाकडे वेळ आणि हात आहेत, वाडीतल्या आजोबांकडे कोणत्या महिन्यात काय करायचं याचं पंचांग आहे.

वसई-विरारमध्ये राहत असाल तर जवळच्या गावात जाऊन एक बावखल शोधा आणि त्याच्या मालकाशी बोला. गच्चीवर चार कुंड्या ठेवून, बी मिळेल तशी जांभूळ, करंज, बहावा यांची रोपं करायला घ्या. पुढच्या एप्रिलमध्ये गाळ काढायला माणसं लागतील. एखाद्या रविवारी सकाळी उन्हाआधी पोहोचा.