पीएफची पेन्शन : नव्या पद्धतीत घरच्या ज्येष्ठांना मदत कशी करावी



आपल्या मंडळातील अनेक ज्येष्ठ सभासद बडोद्यातील आणि आसपासच्या खाजगी कारखान्यांतून निवृत्त झाले आहेत. त्यांना कर्मचारी पेन्शन योजना, १९९५ खाली पेन्शन मिळते. आपण तिला 'पीएफची पेन्शन' म्हणतो. रक्कम मोठी नसते. २०१४ मध्ये ठरलेली किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे. पण औषधांचा खर्च त्यातूनच भागवणारी घरे आपल्यात आहेत. अशा घरात दोन महिने पेन्शन अडकली, तरी मुलांपुढे हात पसरण्याची वेळ येते. म्हणून या पेन्शनच्या पद्धतीत काय बदलले आणि घरच्यांनी काय करावे, ते येथे थोडक्यात देत आहोत.

काय बदलले?

पूर्वी प्रत्येक विभागीय पीएफ कार्यालयाचा तीन-चार ठराविक बँकांशीच करार असे. पेन्शन सुरू होताना पडताळणीसाठी त्या बँकेत जावे लागे. गाव बदलले तर पेन्शनचे कागद, म्हणजे पीपीओ, एका कार्यालयातून दुसरीकडे पाठवावे लागत.

१ जानेवारी २०२५ पासून देशभर केंद्रीकृत पेन्शन वाटप पद्धत लागू झाली. डिसेंबर २०२४ ची पेन्शन ६८ लाखांहून अधिक पेन्शनरांना याच पद्धतीने देण्यात आली. आता देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेत पेन्शन जमा होऊ शकते. बडोद्याचे घर बंद करून मुलाकडे पुण्याला राहायला गेलेल्या काका-काकूंना पीपीओ हलवण्याची गरज उरलेली नाही.

सोय वाढली, पण आता सगळे काम नोंदींवर चालते. जुन्या बँकेतला ओळखीचा कारकून चेहरा पाहून काम करून देई. संगणकाला मात्र आधार क्रमांक, पीपीओ नंबर, खाते आणि मोबाईल हेच ठाऊक. त्यामुळे या नोंदी आधीच तपासून घेणे हीच खरी मदत आहे.

हयातीचा दाखला

हा दाखला दरवर्षी द्यावाच लागतो. पीएफची पेन्शन घेणाऱ्यांनी तो वर्षात केव्हाही द्यावा. दिलेल्या तारखेपासून तो एक वर्ष चालतो. नोव्हेंबरमध्येच देण्याचा नियम सरकारी पेन्शनरांसाठी आहे. त्यातही ८० वर्षांवरील केंद्र सरकारी पेन्शनरांना १ ऑक्टोबरपासून तो देता येतो. आपला दाखला कोणत्या तारखेला संपतो, ते घरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

दाखला बँकेत, पोस्टात, पीएफ कार्यालयात किंवा नागरी सुविधा केंद्रात देता येतो. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन घरी येऊन ते काम करतो. यंत्रावर काम केलेल्या हातांचे ठसे बऱ्याचदा उमटत नाहीत. त्यासाठी मोबाईलवर चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय आहे. खोलीत भरपूर उजेड असू द्या आणि चष्मा काढायला सांगा.

मोबाईलवर 'प्रमाण आयडी' आला म्हणजे दाखला तयार झाला, पण तो स्वीकारला गेला असेलच असे नाही. पीपीओ नंबर चुकला तर तो नाकारला जातो. म्हणून आठ-दहा दिवसांनी स्थिती पुन्हा तपासा. दाखल्याअभावी पेन्शन थांबली असेल तर घाबरू नका. दाखला दिल्यावर ती पुन्हा सुरू होते आणि थकलेली रक्कमही मिळते.

नावांचा घोळ

आपल्या घरांत ही अडचण जास्त दिसते. कंपनीच्या रजिस्टरात 'शांताबाई', आधारवर 'शांता', तर बँकेत कोणीतरी 'शांताबेन' लिहिलेले. कुठे आडनाव आधी, कुठे शेवटी. लग्नात नाव बदललेल्या भगिनींचे माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर.

हा फरक खरा नडतो तो पती गेल्यावर. पेन्शनर वारल्यास पत्नीला साधारणपणे त्याच्या पेन्शनच्या निम्मी पेन्शन मिळते. त्या दुःखात कागद जुळवत बसण्यापेक्षा आजच दोघांचे आधार, बँक पासबुक आणि पीपीओ शेजारी ठेवून नावे व जन्मतारखा पडताळा. पीपीओमध्ये पत्नीचे नाव बरोबर आहे ना, हेही पाहा. विवाहाचा दाखला नसेल तर तो मिळवण्याच्या खटपटीला आत्ताच लागा.

मदत कुठे मिळेल?

पीएफ विभागाचे 'निधी आपके निकट' शिबिर दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात भरते. त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. तिथे प्रत्यक्ष भेटून तक्रार मांडता येते. जाताना पीपीओ, आधार आणि पासबुकाच्या झेरॉक्स न्या, आणि तक्रारीची पोच घ्यायला विसरू नका. आधारच्या चौकशीसाठी १९४७ हा क्रमांक आहे.

"तुमची पेन्शन बंद होणार आहे, ओटीपी सांगा" असा फोन आला तर तो लबाडीचा समजावा. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर कळवावे.

तरुण सभासदांना विनंती

आजी-आजोबांच्या हातून मोबाईल घेऊन "झालं तुमचं काम" म्हणू नका. शेजारी बसा, काय करतो आहोत ते सांगा आणि पीपीओ नंबर मोठ्या अक्षरांत वहीत लिहून द्या. पुढच्या वर्षी तुम्ही परगावी असाल, तेव्हा ती वहीच त्यांच्या उपयोगी पडेल.

ज्यांच्या घरी मदतीला कोणी नाही, त्यांनी कागदपत्रे घेऊन मंडळाच्या कार्यालयात यावे. फॉर्म भरून देण्यासाठी आपण कोणतेही शुल्क घेत नाही. आपल्या शेजारी असे कोणी एकटे राहत असेल, तर त्यांना सोबत घेऊन या.