बॉक्स वाढवण्याआधी ओहम मोजा

लग्नसराई आली, गणपती आले, की जिल्ह्यातल्या गावोगावी पिकअप अन् ट्रॉल्यांवर बेसचे बॉक्स चढतात. आता तर तरुण मंडळी ट्रॅक्टरच्या सीटमागे आणि जीपच्या डिकीतही एकाचे दोन, दोनाचे चार वूफर लावू लागली आहेत. हौसेला मोल नाही, हे खरे. पण जोडणी चुकली तर अ‍ॅम्प्लिफायर जळतो, बॅटरी बसते आणि वेळप्रसंगी गाडीही पेटते. ऐन नांगरटीत ट्रॅक्टरने सेल घेतला नाही, की मग ही हौस महागात पडते.

हिशेब ड्रिपसारखाच

विहिरीवरच्या मोटारीला एक लॅटरल जोडली तर पाण्याला अडथळा जास्त. शेजारी दहा लॅटरल उघडल्या, की अडथळा कमी होतो, पाणी जास्त वाहते आणि मोटार जास्त करंट खेचते. वूफरचेही तसेच आहे. प्रत्येक वूफरचा अडथळा ओहममध्ये मोजतात व तो मागे लिहिलेला असतो. बहुधा ४ ओहम असतो.

दोन ४ ओहमचे वूफर एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये जोडले तर ८ ओहम होतात. प्लसला प्लस, मायनसला मायनस असे पॅरलल जोडले तर २ ओहम. चारही पॅरलल जोडले तर फक्त १ ओहम उरतो. अ‍ॅम्प्लिफायर २ ओहमपर्यंतचाच असेल, तर तो इथेच तापून बंद पडतो किंवा जळतो. चार वूफरसाठी उपाय सोपा आहे. दोन-दोनच्या सिरीज जोड्या कराव्यात व त्या दोन जोड्या पॅरलल जोडाव्यात. बेरीज पुन्हा ४ ओहमच येते.

वूफर एकाच जातीचे, एकाच ओहमचे घ्यावेत. जोडणी झाल्यावर मल्टिमीटरने मोजावे. ४ ओहमच्या वूफरवर मीटर साडेतीनच्या आसपास दाखवतो, ती खराबी नव्हे. एखाद्याचे प्लस-मायनस उलटे झाले, तर एक वूफर हवा ढकलतो, दुसरा ओढतो आणि बेस मरतो. मग माणसाला वाटते, वूफरच बोगस निघाला!

बॅटरीवर किती भार?

अ‍ॅम्प्लिफायरने खरोखर १००० वॅट द्यायचे, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून १०० अँपियरच्या आसपास करंट जातो. अनेक ट्रॅक्टरांचा अल्टरनेटर जेमतेम ४० अँपियरचा असतो. बाकीचा भार बॅटरीवर पडतो. म्हणून इंजिन बंद ठेवून तासन् तास वाजवू नये. बॅटरीपासून दीड फुटाच्या आत, वायरला सोसेल एवढाच फ्यूज हवा. फ्यूज उडाला म्हणून तिथे तार गुंडाळणे म्हणजे आगीला आवतण. वायर जाड तांब्याची घ्यावी, ती पत्र्याच्या धारेवर घासू देऊ नये.

शिवाय, वॅट दुप्पट केले तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॅट लागतात. पैसा जातो, पदरात थोडेच पडते.

गावाने काय पाहावे?

ध्वनी प्रदूषण नियम २००० साली आले. त्यानुसार रहिवासी भागात मर्यादा दिवसा ५५, रात्री ४५ डेसिबल आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाऊडस्पीकर वाजवता येत नाही. सणासुदीच्या ठरावीक दिवशी शासन रात्री बारापर्यंत सूट देऊ शकते. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवता येतो. सरपंच, पोलिस पाटील व ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी मिरवणुकीच्या आदल्या दिवशीच मंडळाला बोलावून मार्ग व वेळ ठरवून घ्यावी. सोबत गाडीवरचा फ्यूज आणि वायरही डोळ्यांखालून घालावी. वाजंत्री चार तासांची असते, ट्रॅक्टरचे हप्ते मात्र चार-पाच वर्षे फेडायचे असतात.