जुन्या मराठी संकेतस्थळांची अक्षरे का विस्कटतात?

इंटरनेट आपल्याकडे नवखे होते त्या काळात, म्हणजे सन २०००च्या आसपास, अनेक हौशी मराठी माणसांनी पदरमोड करून संकेतस्थळे उभारली. कोणी घराण्याची वंशावळ मांडली, कोणी गावच्या जत्रेची व देवस्थानाची माहिती लिहिली, कोणी नाट्यपदे आणि भजने जमवली. त्यांतील काही नोंदी अन्यत्र कोठेही छापलेल्या नाहीत. मात्र ही पाने आजच्या ब्राउझरमध्ये उघडली, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खच दिसतो. वाचकाला वाटते, संकेतस्थळ बिघडले. प्रत्यक्षात मजकूर जिथल्या तिथे असतो. तो वाचण्याची किल्ली हरवलेली असते.

फॉन्टची मूळ अडचण

जगातील सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तीत देवनागरीसाठी १२८ जागांचा विभाग आहे. पण घरोघरी असलेल्या विंडोज ९५ आणि ९८ या प्रणालींत युनिकोड देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. त्यामुळे शिवाजी, कृतिदेव, श्रीलिपी अशा फॉन्टचा आधार घेतला गेला. या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. कृतिदेवमध्ये ‘डी’, ‘ई’ आणि ‘वाय’ ही लहान लिपीतील अक्षरे ओळीने टंकली, की पडद्यावर ‘कमल’ उमटते. संगणकाच्या लेखी मात्र तो शब्द रोमनच राहतो. फॉन्ट नसेल, तर वाचकाला ती तीन रोमन अक्षरेच दिसतात.

प्रत्येक वाचकाला फॉन्ट उतरवून घ्यायला लावणे गैरसोयीचे होते. म्हणून पानासोबत आपोआप येणारे ‘डायनॅमिक फॉन्ट’ निघाले. येथे ब्राउझरांची स्पर्धा आडवी आली. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्सप्लोररसाठी एका प्रकारची फाइल लागे, नेटस्केपसाठी दुसऱ्या. नेटस्केप काळाच्या पडद्याआड गेला. इंटरनेट एक्सप्लोररच्या प्रचलित आवृत्तीचा आधारही मायक्रोसॉफ्टने १५ जून २०२२ रोजी थांबवला. आजचे क्रोम, फायरफॉक्स किंवा सफारी यांपैकी कोणीही त्या जुन्या फॉन्ट-फाइली वाचत नाही.

सोपी पळवाट का टाळावी?

जुना फॉन्ट आजच्या वेबफॉन्टच्या स्वरूपात बदलून पानाला जोडला, तर मजकूर पुन्हा मराठीत दिसू लागतो. पण हा इलाज वरवरचा आहे. शोधयंत्राला तो मजकूर सापडत नाही, त्याची नक्कल करून दुसरीकडे चिकटवला तर पुन्हा तीच रोमन अक्षरे उमटतात, आणि दृष्टिहीनांसाठीचे वाचन-सॉफ्टवेअर तो वाचू शकत नाही. फॉन्टच्या परवान्याचा प्रश्न उरतो तो वेगळाच.

खरा उपाय एकच, तो म्हणजे मजकूर युनिकोडमध्ये परिवर्तित करणे. त्यासाठी परिवर्तक साधने उपलब्ध आहेत. परंतु त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाई, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवली जाते. रफाराचा क्रमही उलट असतो. ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांसारखे शब्द आणि जोडाक्षरे हमखास अडखळतात. त्यामुळे परिवर्तनानंतर मुद्रितशोधन अटळ आहे. व्यक्तींची नावे आणि सनावळ्या तर मूळ पानाशी ताडूनच पाहाव्यात.

आणखी काय बिघडते?

फ्लॅशमध्ये केलेली मुखपृष्ठे व चलच्चित्रे आता चालत नाहीत. अडोबीने ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅश प्लेयरचा आधार संपवला. ‘रफल’ नावाचे मुक्त साधन अशा अनेक फाइली आजच्या ब्राउझरमध्ये चालवते. रिअलऑडिओ स्वरूपातील ध्वनिमुद्रणे एमपी३मध्ये बदलून घ्यावीत, मात्र मूळ फाइली फेकू नयेत.

पानाची मांडणी हा वेगळा विषय आहे. फाइलीच्या आरंभी ‘डॉकटाइप’ची ओळ नसेल, तर ब्राउझर मुद्दाम जुन्या पद्धतीने पान मांडतो. ती ओळ नंतर घातली, की रकान्यांची रुंदी अचानक बदलू शकते. म्हणून हा बदल आधी प्रतीवर करून पाहावा. मोबाइलवर अक्षरे मुंगीएवढी दिसत असतील, तर ‘व्ह्यूपोर्ट’ची एक ओळ पुष्कळदा उपयोगी पडते, पण रुंदी ठरवून आखलेले तक्ते मात्र सैल करावे लागतात.

कामाचा क्रम

सर्वप्रथम सगळ्या फाइलींची प्रत दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवावी. जुना फॉन्टही त्यांच्यासोबत जपावा, कारण परिवर्तन ताडून पाहण्यास तोच लागतो. मग मजकूर युनिकोडमध्ये आणून फाइल ‘यूटीएफ-८’मध्ये साठवावी आणि पानातही तीच नोंद करावी. ही नोंद चुकली, तर शुद्ध युनिकोड मजकूरही विस्कटलेला दिसतो. पानांचे पत्ते शक्यतो बदलू नयेत, अन्यथा इतरांनी दिलेले दुवे तुटतात. शेवटी तपासणी करावी. एज आणि क्रोम २०२०पासून एकाच इंजिनावर चालतात, तेव्हा त्या दोहोंत पाहून समाधान मानू नये. फायरफॉक्स आणि सफारीतही पाहावे.

टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत तयार केलेले जगातील पहिले संकेतस्थळ १९९१ साली सर्वांसाठी खुले झाले. त्याची जुनी प्रत सर्नने २०१३ साली मूळ पत्त्यावर पुन्हा ठेवली आणि ती आजच्या मोबाइलवरही वाचता येते. साधा मजकूर आणि साधे दुवे एवढाच तिचा ऐवज. एखाद्या ब्राउझरच्या खास सोयीवर उभे केलेले त्या ब्राउझरबरोबर जाते, सर्वमान्य प्रमाणांवर उभे केलेले टिकते. आपल्या हौशी संकेतस्थळांचे कर्ते आज वयाने थकले आहेत. कोणता फॉन्ट वापरला आणि फाइली कोठे ठेवल्या, हे सांगणारे हयात आहेत तोवर हे काम सोपे आहे. घरात किंवा ओळखीत असे संकेतस्थळ असेल, तर ही विचारपूस आताच करून ठेवावी.