देणग्यांचें दप्तर किती वर्षें जपावें?

दान देणाराचें कर्तव्य दान देतांच संपतें. घेणाराचें त्याच क्षणीं सुरू होतें. नव्या मुंबईंत वाचनालयें, उत्सवमंडळें व विद्यार्थ्यांस साहाय्य करणाऱ्या संस्था पुष्कळ आहेत. त्यांस जागा अपुरी, आणि खाडीकांठच्या दमट हवेंत कागदास बुरशी व कसर लागावयास वेळ लागत नाहीं. त्यामुळें जुनीं पावतीपुस्तकें रद्दींत घालावीं काय, हा प्रश्न चिटणिसांपुढें वरचेवर उभा राहतो.

कायद्याचें उत्तर सरळ आहे. करसवलत घेणाऱ्या धर्मादाय संस्थांसाठीं ऑगस्ट २०२२ मध्यें आयकराचा नियम १७ अअ आला. त्यानें हिशेब व देणगीदारांच्या नोंदी आकारणीवर्ष संपल्यापासून १० वर्षें ठेवावयास सांगितल्या. म्हणजे २०२२-२३ मधील देणगीची पावती ३१ मार्च २०३४ पर्यंत जपली पाहिजे. फेरआकारणी चालूं असेल तर तिचा निकाल लागेपर्यंत. २०२५ चा नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू ठरविला आहे. तेव्हां पुढील वर्षांची मुदत हिशेबतपासनिसास विचारून घ्यावी.

परंतु ही मुदत कर आकारणाराच्या सोयीची आहे. दात्याच्या हेतूस ती बांधलेली नाहीं. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यांत नहपानाचा जांवई उषवदात याचा लेख आहे. त्यानें ३००० कार्षापण विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले: २००० दरमहा शेंकडा एक व्याजानें, १००० पाऊण टक्क्यानें. मुदलास हात लावावयाचा नाहीं, व्याजांतून भिक्षूंस वस्त्रें इत्यादि द्यावयाचीं. हें निगमसभेंत ऐकवून नोंदविलें, असेंही तो लेख सांगतो. याज्ञवल्क्यानेंही भूमिदानाचा लेख वस्त्रावर अथवा ताम्रपटावर करावयास सांगितलें तें पुढें येणाऱ्या सज्जन राजांस कळावें म्हणूनच. जें दान निरंतर, त्याचा लेखही निरंतर, असा हा न्याय आहे.

तोच न्याय आपल्या कपाटास लावावा. किरकोळ वर्गणीच्या स्थळप्रती मुदत संपल्यावर नष्ट कराव्या. मात्र विश्वस्तांचा ठराव करून, काय नष्ट केलें याची यादी ठेवून, आणि कागद फाडून. त्यांवर लोकांचीं नांवें, पत्ते व पॅन क्रमांक असतात. ते वाण्याच्या पुडीवर जाऊं नयेत. कायमनिधीचीं पत्रें, मृत्युपत्रांच्या नकला, स्मृतिपारितोषिकांच्या अटी व त्या स्वीकारल्याचे ठराव मात्र कधींही टाकूं नयेत. त्यांचीं छायाचित्रें संगणकावर दोन ठिकाणीं ठेवावीं, पण मूळ कागद कोरड्या जागीं राहूं द्यावा.

एखाद्या आजीच्या नांवें संस्कृताचें पारितोषिक ठेवलें असेल आणि वीस वर्षांनीं तिचा नातू येऊन त्याचें काय झालें असें विचारील, तर दहा वर्षांचा नियम त्यास दाखवून भागणार नाहीं. ती रक्कम रंगसफेदींत गेली कीं विद्यार्थ्याच्या हातीं पडली, हें सांगणारा साक्षीदार त्या दिवशीं कागदच असतो.